ओळखू का मनातला आकडा?

गळा नाही, ठुमका नाही, मिमिक्री जमत नाही, तरी ऑफिसच्या पार्टीत भाव खायचाय? फक्त वजाबाकी यायला हवी. आणि थोडं थांबता यायला हवं.

हे वाचताना हाताशी पेन आहे? नसेल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. आता तीन आकडी एक संख्या मनात धरा. कोणतीही. अट एकच, पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक हवा. म्हणजे ७३२ चालेल, ४२३ नको. धरली? आता ती उलटी लिहा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर आलं, तेही उलटं लिहा. आणि या वेळी वजा नाही करायचं, दोन्हींची बेरीज करायची.

झालं? आता जरा श्वास घ्या. तुम्ही कुठे बसलाय ते मला माहीत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकला असाल, नाहीतर बॉसचं प्रेझेंटेशन चालू असताना टेबलाखाली पानं उलटत असाल. संख्या तुमची, हिशेब तुमचा, मोबाइल तुमचा. तरीही सांगतो, तुमचं उत्तर १०८९ आलंय.

नाही आलं? मग हातचा कुठेतरी राहिला. परत करून बघा. येतंय.

मी जादूगार नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या उणिवा काढतो आणि त्याचा पगार घेतो. पण गेल्या काही वर्षांत लोणावळ्याची टीम आउटिंग, कंपनीचा अ‍ॅन्युअल डे, मावसबहिणीची हळद, सोसायटीचा गणपती अशा नाना ठिकाणी मी हे 'मन वाचण्याचं' प्रकरण दहा-बारा मिनिटं केलंय. खर्च शून्य. सामान म्हणजे एक पाकीट, एक कार्ड आणि एक मार्कर. अंताक्षरीत सगळ्यांना 'म'वरून गाणी सुचेनाशी झाली आणि हाउझीची तिकिटं संपली की कोणीतरी हाक मारतं, 'अरे, तो आकडेवाला कुठे गेला?'

यातलं गणित शिकायला मला दहा मिनिटं लागली. ते लोकांसमोर कसं करायचं हे उमगायला दोन वर्षं लागली. म्हणून आज गणितही सांगतो आणि उरलेलंही.

आधी भानगड समजून घ्या

७३२ घेऊ. उलटी केली की २३७. वजाबाकी ४९५. या ४९५ कडे नीट बघा. मधला अंक ९. आणि दोन टोकांच्या ४ आणि ५ ची बेरीजही ९. हा योगायोग नाही.

संख्या उलटली तरी मधला अंक जागेवरच राहतो. त्यामुळे वजाबाकीत तो स्वतःलाच खाऊन टाकतो. उरतो तो फक्त पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि तो ९९ ने गुणला जातो. फरक २ असेल तर १९८, ३ असेल तर २९७, असं करत करत फरक ९ असेल तर ८९१. संपलं! शेकडो संख्यांमधून स्वतःच्या मर्जीने निवड करणारा माणूस पहिल्याच वजाबाकीत फक्त आठ घरांच्या गल्लीत येऊन उभा राहतो. त्याला याचा पत्ताही नसतो.

या आठही घरांत मधे ९ आणि टोकांची बेरीज ९. उलटून मिळवली की एककाला नऊ, दशकाला दोन नऊ म्हणजे अठरा, शतकाला नऊ. नऊशे अधिक एकशे ऐंशी अधिक नऊ. उत्तर दुसरं येणारच कुठून?

मग सुरुवातीला ती दोनच्या फरकाची अट कशाला? कारण फरक एकचा असेल तर वजाबाकी ९९ येते. ती ०९९ अशी लिहून उलटली तर ९९० होते आणि गाडी बरोबर १०८९ वर पोहोचते. पण लोक शून्य लिहीत नाहीत. ते ९९ उलटून ९९ च करतात, बेरीज १९८ येते आणि भर सभेत तुमचा पोपट होतो.

उत्तर ओरडून सांगू नका

आता समजा, कोणी हिशेब केला आणि तुम्ही लगेच 'एक हजार एकोणनव्वद!' असं ओरडलात. पब्लिक काय म्हणेल? 'हां, काहीतरी गणिताची ट्रिक आहे.' त्यांचं बरोबरच आहे. वजाबाकी सांगितलीत आणि उत्तरही सांगितलंत, यात मन कुठे आलं? म्हणून उत्तर मागायचंच नाही. ते कुठेतरी वापरायचं.

आमच्या अ‍ॅन्युअल डेला मी एचआर पॉलिसीचं जाडजूड मॅन्युअल घेऊन स्टेजवर गेलो. तेच ते, जॉइन होताना सही करून घेतात आणि नंतर कोणी उघडत नाही. माइकवर आधी सांगून टाकलं की मी काही मन वाचत नाही, हा आकड्यांचा खेळ आहे. मग एक बंद पाकीट एचआरच्या मॅडमकडे सांभाळायला दिलं. तीन जणांना वर बोलावलं. एकाने संख्या धरायची, दुसरीने मोबाइलवर हिशेब करायचा, तिसऱ्याने तो तपासायचा. मी पाठ करून उभा राहिलो.

हिशेब झाल्यावर मी विचारलं, 'उत्तर किती आकडी आलंय? आकडा सांगू नका, किती आकडी एवढंच.' 'चार.' 'बरं, मग असं करा, पहिल्या तीन अंकांचं पान काढा. शेवटच्या अंकाइतकी ओळ मोजा. त्या ओळीतला पहिला शब्द वाचा.'

पान १०८, ओळ नववी. शब्द निघाला 'लीव्ह'.

मॅडमनी पाकीट फोडलं. आतल्या कार्डावर मी आदल्या रात्री लिहिलेला एकच शब्द होता, 'लीव्ह'. क्षणभर सगळे गप्प, आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, 'मॅडम, मंजूर करून टाका!' टाळ्या माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पडल्या. पडेनात का! हॉल जागा झाला होता.

यात दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या असतात. पहिली, हिशेब आणि उत्तर यांच्यात अंतर. हिशेब झाला की दोन मिनिटं भलत्याच गप्पा मारायच्या. मॅन्युअल किती जड आहे, ते शेवटचं कोणी उघडलं, वगैरे. तेवढ्यात वजाबाकीची चव तोंडातून जाते. दुसरी, उजळणी. पाकीट फोडण्याआधी मी सावकाश विचारतो, 'संख्या तुम्हीच निवडलीत ना? मी सुचवली नव्हती? मी पाठ करून उभा होतो? पाकीट आधीपासून मॅडमकडेच आहे?' यातलं एकेक वाक्य शंभर टक्के खरं. पण त्यात मधल्या बेरीज-वजाबाकीचा उल्लेख नाही. घरी गेल्यावर लोक शपथेवर सांगतात, 'अगं, त्याने काही केलंच नाही. नुसती संख्या मनात धरायला सांगितली आणि शब्द ओळखला.' जादू होते ती या सांगण्यात.

नऊच्या पाढ्याची कमाल

१०८९ चा खेळ एका ग्रुपसमोर एकदाच. दुसऱ्यांदा केलात आणि पुन्हा तेच पान निघालं की खेळ खल्लास. 'वन्स मोअर' आलं तर हातचा राखून ठेवलेला हा दुसरा खेळ काढायचा. यात उत्तर दर वेळी वेगळं येतं.

समोरच्याला चार आकडी संख्या लिहायला सांगा. समजा त्याने ५२८३ लिहिली. तुम्ही बघायचं नाही. अंकांची बेरीज करायला सांगा : ५ + २ + ८ + ३ = १८. ती मूळ संख्येतून वजा : ५२६५. आता यातल्या कुठल्याही एका अंकावर त्याने काट मारायची. शून्यावर नको ('शून्य आधीच रिकामं आहे, त्याला अजून काय मारायचं?' हे ऐकलं की लोक हसतात आणि अट का घातली ते विचारत नाहीत). उरलेले अंक वाटेल त्या क्रमाने मोठ्यांदा सांगायचे. त्याने ६ वर काट मारली आणि म्हणाला, 'पाच, पाच, दोन.'

तुम्ही मनात बेरीज करा, १२. त्याच्या पुढची नऊच्या पाढ्यातली संख्या १८. अठरातून बारा गेले, उरले सहा. काट सहावर मारली होती. मनातली बेरीज थेट नऊच्या पाढ्यातलीच आली, समजा ९ किंवा १८, तर काट ९ वर. शून्याला बंदी असते ती याचसाठी, नाहीतर ९ की ० हे कळलंच नसतं.

कारण साधं आहे. ५००० म्हणजे पाच वेळा ९९९ आणि वर पाच. २०० म्हणजे दोन वेळा ९९ आणि वर दोन. ८० म्हणजे आठ वेळा ९ आणि वर आठ. अंकांची बेरीज वजा केली की हे 'वरचे' सगळे निघून जातात आणि उरते ती नऊने पूर्ण भाग जाणारी संख्या. अशा संख्येच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातलीच असते. शाळेत 'नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस' असं डोलत म्हणत होतो तेव्हा एक आणि आठ, दोन आणि सात, हे समोरच होतं. बघितलं कोणी!

'घ' घोड्याचा

तिसरा खेळ सगळ्या हॉलसाठी. मूळ इंग्रजी खेळात शेवटी डेन्मार्क देश आणि हत्ती येतो. मी त्याला मराठी साज चढवलाय. १ ते १० मधली एक संख्या धरा. तिला ९ ने गुणा. उत्तर दोन आकडी असेल तर दोन्ही अंकांची बेरीज करा. त्यातून ५ वजा करा. आता क म्हणजे १, ख म्हणजे २, ग म्हणजे ३, असं आपल्या संख्येचं अक्षर शोधा. त्या अक्षरावरून सुरू होणारा प्राणी पटकन मनात आणा. पटकन!

मग डोळे मिटून, कपाळाला बोट लावून म्हणायचं, 'मला इथे टापांचा आवाज येतोय...' अर्धा हॉल किंचाळतो.

इथे 'घ'पर्यंतचा रस्ता पक्का आहे. नऊच्या पाढ्यात अंकांची बेरीज नऊ, त्यातून पाच गेले चार, चौथं अक्षर घ. पण त्यापुढे अंदाज आहे. घाईत बहुतेकांना घोडाच आठवतो. तरी एखादा घुबड धरतो, एखादी घार धरते, आणि आमच्या टीमला एक कोल्हापूरकर आहे, त्याने घोरपड धरली होती. म्हणून हा खेळ शेवटी करायचा नाही, मधे करायचा. घोरपड निघाली तर तिच्यावरच विनोद करून पुढे सरकायचं. शेवट नेहमी पक्क्या गणितावर.

देवळालीचे मास्तर

हे सगळं टीव्हीवरच्या फॉरेन शोमधून आलंय असं वाटत असेल, तर आपल्या आसपास जरा बघा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराला, विलोम रीतीची गणितं आहेत. एका संख्येला इतक्याने गुणलं, तितक्याने भागलं, वर्ग केला, अमुक वजा केले, वर्गमूळ काढलं आणि शेवटी एवढे उरले, तर मूळ संख्या कोणती? शेवटापासून उलटं चालत जायचं. गुणाकाराच्या जागी भागाकार, वजाबाकीच्या जागी बेरीज. मनातली संख्या ओळखण्याचीच ही रीत. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला सापडलाय.

आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकर? १९०५ साली डहाणूत जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीत १९६२ पर्यंत शाळेत शिकवणारे मास्तर. संख्यांशी खेळण्याचं असं वेड की लोक त्यांना 'गणितानंद' म्हणायचे. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची करामत जगासमोर मांडली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता इथेच अडकलात, कारण ६१७४ वर तेच केलं तरी पुन्हा ६१७४ च येतात. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते. शून्य आलं तर तेही धरायचं, एवढंच पथ्य.

मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. १९८६ साली ते गेले. ६१७४ ला आज सगळीकडे 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. टीममध्ये धीराची माणसं असतील तर १०८९ ऐवजी हा खेळ करा. कार्डावर ६१७४ लिहून पाकीट बंद करा, प्रत्येकाला वेगळी संख्या घेऊ द्या. कोणी तिसऱ्या वजाबाकीला पोहोचतो, कोणी सातव्या. एकेक जण मान वर करून शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावतो, तो सीन बघण्यासारखा असतो.

मावशींचा प्रश्न

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ते. अ‍ॅन्युअल डेच्या दुसऱ्या दिवशी पँट्रीत चहा घेत होतो. आमच्याकडे हाउसकीपिंगला एक मावशी आहेत. आदल्या दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी 'लीव्ह'चा प्रयोग बघितला होता. सुरुवातीला मी माइकवर बोललो तेव्हा त्या मागे कप लावत होत्या, ते त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. पँट्रीत कोणी नाही असं बघून त्या जवळ आल्या.

'दादा, तुम्हाला खरंच समजतं का हो मनातलं?'

मी हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी पर्समधून एक पासपोर्ट साइझ फोटो काढला. 'माझ्या पोराचं बघता का? बारावीला आहे. दोन महिने झाले, घरात धड बोलत नाही. विचारलं की उठून जातो. त्याच्या मनात काय आहे, तेवढं सांगा.'

मघाचं हसू तिथेच विरलं. आपण ज्याला टाइमपास म्हणतो, तो कोणीतरी फोटो घेऊन ऐकत होतं.

'मावशी, बसा,' म्हटलं. टिश्यू पेपर घेतला, पेन दिलं आणि काट मारलेल्या अंकाचा खेळ त्यांच्यावर केला. बरोबर ओळखला. मग दुसऱ्यांदा करताना सगळं उघडं करून दाखवलं. त्यांच्या गल्लीतल्या बायकांची भिशी मावशींकडे असते, हिशेब माझ्यापेक्षा पक्का. तिसऱ्या वेळी माझी संख्या त्यांनी ओळखली. स्वतःवरच खूश झाल्या. मग टिश्यूकडे बघत थोडा वेळ गप्प बसल्या.

'म्हणजे तुम्ही ओळखत नाही,' त्या म्हणाल्या. 'आम्हीच सांगतो. उरलेले आकडे तर आम्हीच सांगतो तुम्हाला.'

'हो.'

'मग विचारायलाच पाहिजे म्हणायचं.'

फोटो त्यांनी परत पर्समध्ये ठेवला. टिश्यूही घडी घालून नेला. पुढच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मुलावर खेळ करून बघितला होता. त्याने दोनदा करायला लावला, मग पेन हिसकावून घेतलं आणि कसं होतं ते शोधत रात्री अकरापर्यंत बसला म्हणे. 'बाकी काही बोलला?' मी विचारलं. 'बोलेल,' मावशी म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत लिफ्टकडे गेल्या.

खेळ कुठे संपतो?

मी तो फोटो हातात घेऊन गंभीर चेहरा करू शकलो असतो. 'कोणीतरी बाहेरचं आहे, येत्या अमावास्येपर्यंत सांभाळा' एवढं म्हणायलाही गणित लागत नाही. समोरचा माणूस काळजीत असला की उरलेले अंक तो स्वतःहून सांगत जातो, आपण फक्त बेरीज करायची. फोटो घेऊन फिरणारी माणसं आपल्या आजूबाजूला खूप आहेत, आणि ती फक्त पँट्रीत नसतात. अप्रेजलच्या आधी नावाचं स्पेलिंग बदलणारी, व्हिसाच्या तारखेसाठी आकडेशास्त्रवाल्याकडे जाणारी, एसी केबिनमध्ये बसणारी मंडळीही त्यात आहेत.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन आधी 'चमत्कार' करून दाखवायचे आणि मग त्यामागची हातचलाखी किंवा विज्ञान तिथल्या तिथे उलगडून सांगायचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ते ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्यानुसार गुन्हा आहे.

म्हणजे तुमच्या-माझ्या पार्टीतली जादू गुन्हा झाली का? छे! प्रत्येक खेळाचं गुपित फोडलंच पाहिजे असंही मी म्हणत नाही. गुपित असण्यातच तर मजा आहे. प्रश्न दावा काय करता याचा आहे. 'मला आकड्यांची एक गंमत येते' म्हणालात तर तो खेळ. 'मला शक्ती आहे' म्हणालात की तुम्ही दुकान उघडलंत. आणि कोणी फोटो घेऊन आलं, तर गुपित गेलं खड्ड्यात. टिश्यू पेपर काढायचा आणि सगळं उघडं करून दाखवायचं.

स्टेजवर जाण्याआधी

• सुरुवातीलाच सांगा की हा खेळ आहे. मजा काडीची कमी होत नाही, आणि उशिरा आलेल्यांसाठी शेवटी पुन्हा सांगा.

• हिशेब करणारा आणि तपासणारा वेगवेगळा ठेवा. दहातले नऊ फजितवाडे वजाबाकीत होतात, जादूत नाही.

• ज्याला गणिताचा धसका आहे त्याला वर ओढू नका. लोक कोणाला तरी हसायला जमलेले असतील, तर ते तुम्ही असा.

• एकच खेळ एका ग्रुपसमोर दोनदा नाही. नऊच्या पाढ्याचा खेळ तेवढा अपवाद, तोही तीनदाच.

• घाई नको. संख्या धरणाऱ्याकडे बघा, त्याचं नाव विचारा, ते लक्षात ठेवा. लोकांना नंतर आकडा आठवत नाही, तुम्ही नावाने हाक मारलीत ते आठवतं.

• बिग बॉसला स्टेजवर बोलावणार असाल तर फरकाची अट दोनदा सांगा. त्यांनी ४२३ धरले आणि उत्तर चुकलं, तर ते तुमचंच चुकलेलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता, कोणाचंच कामात लक्ष नसतं तेव्हा, शेजारच्या क्युबिकलमध्ये ट्राय मारून बघा. तो बोलत नसेल महिनाभर, तर आधी त्यालाच गाठा. तीन अंक तो सांगेल, चौथा तुम्ही सांगा, मग चहाला चला. आणि एचआरचं मॅन्युअल वापरणार असाल तर पान १०८ आदल्या दिवशी उघडून बघा. नवव्या ओळीत पहिलाच शब्द 'टर्मिनेशन' निघाला, तर दुसरं पुस्तक घ्या!